दावा न केलेली मालमत्ता (अमेरिका)

दावा न केलेली मालमत्ता म्हणजे जिचा मालक किंवा त्याचे वारस असू शकतात, परंतु ज्यांच्याशी ती सांभाळणाऱ्या संस्थेचा कायद्याने ठरवलेल्या मुदतीत कोणताही संपर्क झालेला नाही, अशी रक्कम अथवा वित्तीय मालमत्ता होय. अमेरिकेत बँका, विमा कंपन्या, नोकरी देणाऱ्या संस्था आणि इतर व्यावसायिकांनी अशी मालमत्ता स्वतःजवळ ठेवून न घेता राज्य सरकारच्या स्वाधीन करावी, असे कायदे सर्व ५० राज्यांत तसेच कोलंबिया जिल्हा, पोर्तो रिको व अमेरिकन व्हर्जिन बेटे येथे आहेत. राज्य सरकार ही मालमत्ता मूळ मालकाच्या वतीने सांभाळते आणि मालकाने किंवा त्याच्या वारसाने पुराव्यानिशी मागणी केल्यावर परत करते. याशिवाय काउंटी, शहरे आणि न्यायालये यांच्या तिजोऱ्यांतही लोकांच्या रकमा पडून असतात. त्यांना बऱ्याचदा वेगळे आणि अधिक कडक नियम लागू होतात.

राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार अमेरिकेतील दर सात व्यक्तींपैकी एकीच्या नावे अशी काही ना काही मालमत्ता आहे. एकट्या न्यूयॉर्क राज्याच्या नियंत्रक कार्यालयाकडे २० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दाव्याच्या प्रतीक्षेत आहे.

## संज्ञा

मराठी वृत्तपत्रांत अशा रकमांना पुष्कळदा ‘बेवारस’ म्हटले जाते. परंतु हा शब्द येथे नेमका लागू पडत नाही. बेवारस मालमत्तेला वारस नसतो. दावा न केलेल्या मालमत्तेला मालक किंवा वारस बहुधा असतो. त्याला तिची माहिती नसते किंवा संस्थेला त्याचा पत्ता ठाऊक नसतो. वारसाअभावी मालमत्ता कायमची सरकारजमा होणे, म्हणजेच ती ‘राजगामी’ होणे, ही निराळी कायदेशीर घटना आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्ये दावा न केलेल्या मालमत्तेची मालकी स्वतःकडे घेत नाहीत, केवळ ताबा घेतात. या भेदामुळेच कित्येक दशकांनंतरही मालकाचा हक्क शाबूत राहतो.

या विषयात तीन पक्ष महत्त्वाचे असतात : रक्कम ज्याची आहे तो ‘मालक’, ती ज्याच्याजवळ पडून आहे तो ‘धारक’ (उदाहरणार्थ, बँक) आणि ती ताब्यात घेणारे राज्य, म्हणजे ‘अभिरक्षक’.

## इतिहास

या कायद्यांची मुळे इंग्लंडच्या जुन्या प्रघाती कायद्यात आहेत. सरंजामी व्यवस्थेत कूळ वारसाविना मेल्यास जमीन सरंजामदाराकडे परत जाई, तर मालक नसलेली जंगम मालमत्ता राजाची ठरे. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेत राजाची जागा राज्यांनी घेतली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत बँक ठेवी, विमा आणि समभाग यांचा प्रसार झाला, तसा प्रश्नाचा रोख जमिनीकडून कागदोपत्री संपत्तीकडे वळला. विसरलेल्या ठेवीचा लाभ केवळ ती आपल्याकडे पडून आहे म्हणून बँकेला का मिळावा, हा त्यातील मूळ प्रश्न होता.

१९४४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंटकी राज्याचा बँक ठेवींविषयीचा कायदा वैध ठरवला. योग्य सूचना दिल्यानंतर निष्क्रिय ठेवी ताब्यात घेण्याचा राज्याचा अधिकार त्यामुळे दृढ झाला. राज्याराज्यांतील कायद्यांत एकसूत्रता यावी यासाठी १९५४ मध्ये एक नमुना कायदा तयार करण्यात आला. त्यात १९६६ मध्ये सुधारणा झाली आणि पुढे १९८१, १९९५ व २०१६ मध्ये नव्या आवृत्त्या आल्या. हा नमुना राज्यांवर बंधनकारक नाही. अनेक राज्यांनी त्याची एखादी आवृत्ती थोड्याफार फरकाने स्वीकारली, तर न्यूयॉर्कसारख्या राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत.

## मालमत्तेचे प्रकार

राज्यांकडे येणाऱ्या मालमत्तेत पुढील प्रकार नेहमी आढळतात :

* बचत व चालू खाती, मुदत ठेवी आणि न वटवलेले धनादेश
* न उचललेले वेतन, विशेषतः नोकरी सोडतानाचा शेवटचा पगार
* समभाग, लाभांश आणि म्युच्युअल फंडातील गुंतवणूक
* आयुर्विम्याच्या रकमा व विमा हप्त्यांचे परतावे
* वीज, पाणी, गॅस आणि दूरध्वनी जोडणीच्या अनामत रकमा
* ग्राहकाच्या खात्यावरील शिल्लक, दुबार भरणा आणि परतावे
* मनीऑर्डर व प्रवासी धनादेश
* बँकेच्या लॉकरमधील वस्तू

घर, जमीन आणि वाहने सामान्यतः या कायद्यांच्या कक्षेत येत नाहीत. लॉकरमधील वस्तू हा यातील अपवादात्मक मूर्त प्रकार आहे. दागिने, नाणी, जुनी पत्रे, छायाचित्रे आणि सैनिकांची पदके अशा वस्तू त्यांत सापडतात. काही काळ सांभाळल्यानंतर बहुतेक राज्ये विक्रीयोग्य वस्तूंचा लिलाव करतात व मिळालेली रक्कम मालकाच्या नावे ठेवतात. पदकांच्या बाबतीत मात्र अनेक राज्यांनी वेगळे धोरण ठेवले आहे. इलिनॉयच्या कोषाध्यक्ष कार्यालयाने युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना दिली जाणारी ‘पर्पल हार्ट’ पदके त्यांच्या कुटुंबीयांना शोधून परत देण्याची मोहीम चालवली आहे.

## निष्क्रियतेचा काळ

मालकाकडून हालचाल न झाल्यास किती वर्षांनी मालमत्ता ‘सोडून दिलेली’ समजावी, हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. बँक ठेवी व समभाग यांसाठी हा काळ बहुतेक राज्यांत तीन ते पाच वर्षांचा आहे. वेतनासाठी तो पुष्कळ राज्यांत एकच वर्ष आहे. १९९५ च्या नमुना कायद्यात मनीऑर्डरसाठी सात वर्षे, तर प्रवासी धनादेशांसाठी पंधरा वर्षे ठरवण्यात आली; लोक प्रवासी धनादेश अडीअडचणीसाठी दीर्घकाळ जपून ठेवतात, हे त्यामागचे कारण होय.

खात्यात भरणा करणे किंवा पैसे काढणे, बँकेच्या पत्राला उत्तर देणे, पत्ता बदलल्याचे कळवणे यांपैकी काहीही केल्यास हा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. बँकेने आपोआप जमा केलेले व्याज ही मालकाची हालचाल मानली जात नाही. त्यामुळे ‘व्याज साठत आहे, खाते सुरक्षित आहे’ अशा समजुतीने वर्षानुवर्षे न पाहिलेले खातेही राज्याकडे जाऊ शकते.

आयुर्विम्यात वेगळी अडचण येते. विमेदाराच्या मृत्यूची खबर वारसांनी दिली नाही, तर रक्कम देय झाली आहे हे कागदावर येतच नाही. काही विमा कंपन्या वार्षिकी वेतन थांबवण्यासाठी सरकारी मृत्युनोंदी तपासत, परंतु विम्याची रक्कम देण्यासाठी त्याच नोंदींचा उपयोग करत नसत, असे राज्यांच्या तपासणीत दिसून आले. २०११ पासून अनेक मोठ्या कंपन्यांनी राज्यांशी तडजोडी केल्या आणि या नोंदी विमाधारकांच्या यादीशी ताडून पाहण्याचे मान्य केले.

## राज्याकडे हस्तांतर

मुदत संपत आली की धारकाने मालकाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पत्र पाठवून त्याला सावध करावे लागते. अगदी लहान रकमांना या अटीतून सूट असते. उत्तर न आल्यास धारक राज्याकडे अहवाल आणि मालमत्ता सादर करतो. पुष्कळ राज्यांत ३० जूनपर्यंतच्या वर्षाचा हिशेब १ नोव्हेंबरपूर्वी द्यावा लागतो. हस्तांतरानंतर धारक जबाबदारीतून मुक्त होतो आणि मालकाने राज्याकडेच मागणी करायची असते.

हे काम पाहणारे खाते राज्यागणिक वेगळे असते. न्यूयॉर्क, टेक्सस आणि कॅलिफोर्नियात ते राज्याच्या नियंत्रकाकडे आहे. इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया व मॅसॅच्युसेट्समध्ये कोषाध्यक्षाकडे. वॉशिंग्टन आणि ॲरिझोनात महसूल खात्याकडे, तर फ्लोरिडात वित्तीय सेवा खात्याकडे आहे.

### कोणते राज्य?

मालक एका राज्यात, कंपनी दुसऱ्यात आणि व्यवहार तिसऱ्यात झालेला असेल, तर पैसा कोणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘टेक्सस विरुद्ध न्यू जर्सी’ या १९६५ च्या खटल्यात सन ऑइल कंपनीकडे सुमारे १,७३० लहान देणेकऱ्यांच्या न उचललेल्या, एकूण सुमारे २६ हजार डॉलरच्या रकमा होत्या. रक्कम किरकोळ असली तरी न्यायालयाने घालून दिलेला नियम आजही पायाभूत आहे. मालमत्ता प्रथम मालकाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्याच्या राज्याकडे जाते. पत्ता नसल्यास धारक कंपनीची नोंदणी ज्या राज्यात झाली असेल त्याच्याकडे जाते. शोध घेणाऱ्याला या नियमाचा थेट उपयोग होतो. आपण ज्या ज्या राज्यांत राहिलो ती सर्व राज्ये आणि त्यांखेरीज कंपनीच्या नोंदणीचे राज्य तपासणे त्यामुळे इष्ट ठरते.

मनीऑर्डर देताना खरेदीदाराचा पत्ता बहुधा नोंदवला जात नाही. त्यामुळे १९७४ मध्ये काँग्रेसने कायदा करून अशा रकमा खरेदी झालेल्या राज्याला दिल्या. याच कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, मनीग्राम कंपनीच्या मनीऑर्डरसदृश धनादेशांच्या वादात, डेलावेअरच्या विरोधात निर्णय दिला. डेलावेअर हे लहान राज्य असले तरी दहा लाखांहून अधिक व्यावसायिक संस्था तेथे नोंदलेल्या आहेत. साहजिकच पत्ता नसलेल्या मालमत्तेचा मोठा वाटा या राज्याकडे जातो आणि तो त्याच्या महसुलाचा एक प्रमुख स्रोत बनला आहे.

## शोध

देशातील सर्व दावा न केलेल्या रकमांची एकच मध्यवर्ती सरकारी यादी नाही. प्रत्येक राज्याचे स्वतःचे संकेतस्थळ असून त्यावर नाव टाकून विनामूल्य शोध घेता येतो. ‘मिसिंग मनी’ या संकेतस्थळावर बहुसंख्य राज्यांच्या याद्या एकत्र पाहता येतात. ते राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाठिंब्याने चालते. संघटनेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रत्येक राज्याच्या अधिकृत कार्यालयाचा दुवा मिळतो.

शोधाच्या निकालात सामान्यतः नाव, जुना पत्ता, धारकाचे नाव आणि रकमेचा ढोबळ गट दिसतो. पुष्कळ राज्ये नेमका आकडा दाखवत नाहीत. जुना पत्ता हीच ओळख पटवणारी सर्वांत महत्त्वाची खूण ठरते. विवाहापूर्वीचे नाव, मधल्या नावाचे आद्याक्षर, नाव-आडनावाची उलटापालट आणि चुकीची अक्षररचना गृहीत धरूनही शोध घ्यावा लागतो. मृत आईवडील व आजी-आजोबा यांच्या नावांचा शोधही तितकाच फलदायी ठरू शकतो.

अलीकडे काही राज्यांनी मालकाच्या अर्जाची वाट न पाहता आपल्याकडील यादी कर-नोंदींशी जुळवून लहान रकमांचे धनादेश थेट घरी पाठवण्याची पद्धत सुरू केली आहे. विस्कॉन्सिन आणि इलिनॉय ही त्याची उदाहरणे होत.

## दावा

दावा करण्यासाठी राज्य कोणतेही शुल्क घेत नाही. अर्ज संगणकावरून किंवा टपालाने करता येतो. दावेदाराला मुख्यतः दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : आपण कोण आहोत आणि यादीतील व्यक्ती तीच आहे. पहिल्यासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र व सामाजिक सुरक्षा क्रमांक मागितला जातो. दुसऱ्यासाठी यादीतील पत्त्याशी आपला संबंध दाखवणारा जुना कागद लागतो. जुने वीजबिल, करविवरणपत्र, पगाराची पावती, बँकेचे विवरण किंवा त्या पत्त्यावर आलेले टपाली पाकीटही उपयोगी पडते. रक्कम मोठी असल्यास किंवा समभागांचा दावा असल्यास नोटरीसमोर केलेली स्वाक्षरी आवश्यक असू शकते. कॅलिफोर्नियात कायद्याने दाव्यावर १८० दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

बहुतेक राज्यांत दाव्याला कालमर्यादा नाही. काही थोड्या राज्यांत मात्र दीर्घ मुदतीनंतर हक्क संपुष्टात येतो.

### वारसांचा दावा

मालक मृत असल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचा पुरावा द्यावा लागतो. मृत्युपत्राची न्यायालयात शाबिती झाली असेल, तर व्यवस्थापकाची नेमणूक दाखवणारा आदेश पुरेसा असतो. लहान मालमत्तेसाठी बहुतेक राज्यांत न्यायालयात न जाता केवळ शपथपत्रावर रक्कम मिळण्याची सोय आहे. तिची कमाल मर्यादा राज्यागणिक बदलते. वारस एकाहून अधिक असल्यास प्रत्येकाने आपल्या हिश्शाची मागणी करावी लागते किंवा सर्वांनी मिळून एकाला अधिकार द्यावा लागतो. दावे रखडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे मधल्या पिढीतील एखाद्या मृत्यूचा दाखला नसणे.

## स्थानिक कार्यालयांतील रकमा

राज्याच्या यादीत नाव सापडले नाही म्हणजे शोध संपला, असे नाही. काउंटीचे कोषाध्यक्ष, शहराचे वित्त खाते, न्यायालयाचे लिपिक आणि शेरीफ यांच्याकडेही रकमा पडून असतात. मालमत्ता कराचा दुबार भरणा, न वटवलेले सरकारी धनादेश, खटला संपल्यावर परत मिळणारी जामिनाची रक्कम, न्यायालयात जमा केलेले पैसे आणि थकबाकीपोटी झालेल्या लिलावातील शिल्लक हे त्यांतील मुख्य प्रकार आहेत. काही राज्यांत या रकमाही यथाकाल राज्याकडे जातात. न्यूयॉर्कमध्ये न्यायालयाच्या आदेशाने काउंटीकडे ठेवलेला निधी पुढे राज्य नियंत्रकाकडे वर्ग होतो.

कॅलिफोर्नियातील नियम याहून निराळा आहे आणि दावेदाराच्या दृष्टीने धोक्याचा आहे. तेथे शहर किंवा काउंटीच्या तिजोरीत तीन वर्षे पडून राहिलेली परकी रक्कम स्थानिक संस्थेच्या मालकीची होऊ शकते. त्याआधी वृत्तपत्रात आठवड्यातून एकदा, याप्रमाणे सलग दोन आठवडे सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि पहिल्या प्रसिद्धीनंतर ४५ ते ६० दिवसांच्या दरम्यानची एक तारीख द्यावी लागते. त्या तारखेपर्यंत कोणी दावा केला नाही, तर रक्कम संस्थेची होते. १५ डॉलरहून कमी रकमांसाठी एका वर्षानंतर अशा सूचनेचीही गरज नसते. म्हणजेच, राज्याकडे गेलेला पैसा अनेक वर्षांनीही मागता येतो. परंतु काउंटीकडे राहिलेल्या पैशावरील हक्क स्थानिक वृत्तपत्रातील एका छोट्या सूचनेनंतर कायमचा संपू शकतो.

### करलिलावातील शिल्लक

मालमत्ता कराच्या थकबाकीपोटी घर विकले गेल्यावर थकबाकीहून अधिक आलेली रक्कम कोणाची, हा प्रश्न २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मिनेसोटातील हेनेपिन काउंटीने जेराल्डिन टायलर यांचे घर ४०,००० डॉलरना विकले. त्यांच्याकडे दंड व व्याजासह सुमारे १५,००० डॉलरची थकबाकी होती. उरलेले २५,००० डॉलर काउंटीने स्वतःकडे ठेवले. निकालाच्या वेळी टायलर ९४ वर्षांच्या होत्या. सरकारला देणे असेल तेवढेच घेता येते आणि शिल्लक ठेवून घेणे म्हणजे मोबदल्याविना मालमत्ता हिरावणे होय, असा निर्णय न्यायालयाने २५ मे २०२३ रोजी एकमताने दिला.

## केंद्र सरकारकडील रकमा

काही रकमा राज्यांच्या कायद्यांबाहेर राहतात. प्राप्तिकराचा परतावा मिळवण्यासाठी विवरणपत्र सामान्यतः तीन वर्षांच्या आत भरावे लागते. त्यानंतर तो केंद्राच्या तिजोरीत कायमचा जमा होतो. बंद पडलेल्या खासगी निवृत्तिवेतन योजनांतील रकमा, केंद्राचे बचत रोखे आणि दिवाळखोरी न्यायालयांतील न उचललेले हप्ते यांसाठी निरनिराळी कार्यालये आहेत. बुडालेल्या बँकांतील विमासंरक्षित परंतु न मागितलेल्या ठेवी राज्यांकडे दहा वर्षांसाठी सोपवल्या जातात.

## व्यावसायिक शोधकर्ते आणि फसवणूक

राज्यांच्या याद्या सार्वजनिक असल्यामुळे त्यांवरून मालकांना गाठून ठरावीक वाटा मागणारा एक व्यवसाय उभा राहिला आहे. तो बेकायदेशीर नाही आणि गुंतागुंतीच्या वारसाप्रकरणांत त्याचा उपयोगही होतो. परंतु मालकाला जे काम काही मिनिटांत फुकट करता येते त्यासाठीही वाटा मागितला जातो. म्हणून अनेक राज्यांनी त्यावर मर्यादा घातली आहे. कॅलिफोर्निया व टेक्सस येथे ती रकमेच्या १० टक्के, तर न्यूयॉर्कमध्ये १५ टक्के आहे. मालमत्ता राज्याकडे आल्यापासून पहिल्या २४ महिन्यांत असा करार करता येऊ नये, अशीही तरतूद १९९५ च्या नमुना कायद्यात आहे.

याउलट, ‘तुमच्या नावे मोठी रक्कम सापडली आहे, प्रक्रियाशुल्क आधी भरा’ असे सांगणारे संदेश व दूरध्वनी ही उघड फसवणूक असते. दाव्यासाठी शुल्क मागितले जात असेल, तर समोरची व्यक्ती सरकारी कार्यालयातील नाही, असे समजण्यास हरकत नाही. आपले नाव अधिकृत संकेतस्थळावर स्वतः तपासणे हा त्यावरील सर्वांत सोपा उपाय आहे.

## रकमांचा विनियोग

दावा होईपर्यंत राज्ये हा पैसा निष्क्रिय ठेवत नाहीत. काही हिस्सा दावे फेडण्यासाठी राखून उरलेला पैसा पुष्कळ राज्ये सर्वसाधारण खर्चासाठी वापरतात. काही राज्यांनी तो शिक्षणासाठी राखून ठेवला आहे. फ्लोरिडात तो सार्वजनिक शाळांच्या निधीत जातो, ओरेगनमध्येही त्याचा लाभ शाळांना मिळतो, तर नॉर्थ कॅरोलायनात त्यातून गरजू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य दिले जाते. पैसा खर्च झाला तरी मालकाचा दावा फेडण्याचे राज्याचे दायित्व कायम राहते.

## टीका आणि वाद

या व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप असा की, राज्य विश्वस्त म्हणून पैसा घेते, परंतु मालक न सापडण्यातच त्याचा आर्थिक लाभ असतो. निष्क्रियतेचा काळ अनेक राज्यांनी वेळोवेळी कमी केला, त्यामागे अर्थसंकल्पातील तूट हे कारण असल्याची टीका होते.

समभागांच्या बाबतीत नुकसान अधिक गंभीर होऊ शकते. राज्य ताब्यात घेतलेले समभाग विकते. पुढे त्यांचा भाव वाढला, तरी मालकाला विक्रीची रक्कमच मिळते. कॅलिफोर्नियात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या इंटेलच्या एका माजी कर्मचाऱ्याचे समभाग अशा प्रकारे विकले गेले. त्यातून उद्भवलेल्या खटल्यामुळे २००७ मध्ये न्यायालयाने राज्याला काही काळ मनाई केली. त्यानंतर कायद्यात बदल होऊन, मालमत्ता ताब्यात घेण्यापूर्वी राज्याने स्वतः मालकाला पत्र पाठवणे आणि अहवालाच्या अंतिम तारखेनंतर किमान १८ महिने समभाग न विकणे बंधनकारक झाले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच वादातील पुढचे अपील दाखल करून घेतले नाही. तरीही दोन न्यायमूर्तींनी, मालकांना शोधण्यासाठी राज्ये पुरेसे प्रयत्न करतात का, हा प्रश्न महत्त्वाचा असल्याचे नमूद केले.

व्याजाबाबतही वाद आहे. व्याज देणारे खाते ताब्यात घेतल्यावर राज्याने ते व्याज स्वतःकडे ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सातव्या विभागीय अपील न्यायालयाने २०१३ मध्ये इंडियानासंबंधीच्या खटल्यात दिला.

## भारतातून दावा

अमेरिकेत शिक्षण किंवा नोकरीसाठी राहून परतलेल्या भारतीयांच्या नावेही अशा रकमा असू शकतात. घराची किंवा वीजजोडणीची अनामत, शेवटचा पगार, बंद न केलेले बँक खाते आणि कंपनीने दिलेले समभाग हे त्यांतील संभाव्य प्रकार आहेत. मालक परदेशी नागरिक असल्याने किंवा देश सोडून गेल्याने हक्क संपत नाही.

मराठी नावांमुळे शोधात काही विशिष्ट अडचणी येतात. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून येते आणि कधी ते चुकून आडनावाच्या जागी नोंदले जाते. ‘चौधरी’ किंवा ‘दीक्षित’ यांसारखी आडनावे रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिली जातात. विवाहानंतर आडनावाबरोबर पहिले नावही बदलण्याची रूढी महाराष्ट्रात होती. अशा स्त्रियांना दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद, जोडावी लागू शकते. नोटरीसमोरची स्वाक्षरी अमेरिकी वकिलातीत करता येते. भारत २००५ पासून हेग अपॉस्टिल कराराचा सदस्य असल्याने परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित केलेले भारतीय दस्तऐवज अमेरिकेत सादर करता येतात. भारतीय न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र पुरेसे आहे की त्या राज्यातील न्यायालयाचा आदेशही लागेल, हे संबंधित राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते.

## भारतातील व्यवस्थेशी तुलना

धनी हरवलेल्या संपत्तीविषयीचे नियम प्राचीन भारतीय धर्मशास्त्रातही आढळतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार राजाने अशी संपत्ती तीन वर्षे सांभाळावी, त्या मुदतीत आलेल्या मालकाने वस्तूचे रूप, संख्या इत्यादी खुणा सांगून ती घ्यावी आणि त्यानंतर ती राजाची व्हावी. खुणा न सांगू शकणाऱ्या दावेदाराला तेवढ्याच किमतीचा दंड सांगितला आहे. आधुनिक भारतात वारस नसलेली मालमत्ता हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २९ अन्वये आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६ अन्वये सरकारकडे जाते.

दावा न केलेल्या ठेवींबाबत मात्र भारतातील व्यवस्था अमेरिकेप्रमाणे राज्यांकडे नसून मुख्यतः केंद्रीय आहे. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. ही योजना २०१४ मध्ये लागू झाली. सात वर्षे न घेतलेला लाभांश आणि त्याच्याशी निगडित समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. ठेव निधीत गेल्यानंतरही ठेवीदाराने किंवा वारसाने मागणी आपल्या बँकेकडेच करायची असते. बँक त्याला पैसे देते आणि नंतर निधीकडून भरपाई घेते. अमेरिकेत हस्तांतरानंतर बँक जबाबदारीतून मुक्त होते आणि दावेदाराला राज्याकडे जावे लागते. दोन्ही व्यवस्थांतील व्यावहारिक फरक प्रामुख्याने हाच आहे.